झाडे तेल खातात का? तेलाने बिघडलेल्या जमिनीविषयी थोडी माहिती



मंडळ्यांना भेटी देताना अलीकडे एक प्रश्न मला निरनिराळ्या ठिकाणी विचारला गेला: "तेल सांडून काळी पडलेली जमीन झाडे लावून शुद्ध होते असे आम्ही ऐकतो. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर जिथे जिथे तेल सांडले, तिथे सरळ झाडेच का लावत नाहीत?"

आदिवासी भागातील कामाला हातभार लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचे उत्तर नीट समजून घ्यावे असे मला वाटते. खनिज तेल जिथे निघते, त्या जागा जगभर पुष्कळदा आदिवासी आणि लहान समाजांच्या शेजारी असतात. नायजेरियातील ओगोनी लोकांची शेते आणि खाड्या, इक्वेडोरमधील कोफान लोकांचे जंगल, आपल्या आसामातील मच्छीमारांची आणि चहामजुरांची गावे ही त्याची उदाहरणे. तेल विकले जाते दूर कुठेतरी, गळती मात्र तिथेच राहते. मग "आम्ही जमीन साफ केली, आता तिथे हिरवळ आहे" असे तिथल्या लोकांना सांगितले जाते. या बोलण्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी पुढचा प्रश्न विचारायचा, हे कळावे म्हणून हा लेख.

थोडक्यात उत्तर असे: झाडे स्वतः तेल फारसे खात नाहीत. त्यांच्या मुळांशी राहणारे सूक्ष्मजीव खातात, आणि झाड त्या जीवांना पोसते. म्हणून योग्य जागी, योग्य वेळी लावलेले गवत जमीन सुधारायला खरोखर मदत करते. पण हे काम सफाईच्या शेवटच्या टप्प्याचे आहे, पहिल्या टप्प्याचे नाही.

तेल मातीत गेले की काय होते

चांगल्या मातीत कणांच्या मध्ये मोकळ्या फटी असतात. त्यांतून हवा आणि पाणी खेळते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तो या दोघांचा मेळ बसला की येतो. तेल सांडले की ते मातीच्या कणांवर चढते आणि फटी भरून टाकते. पावसाचे पाणी मुरत नाही, वरून वाहून जाते. हवा आत जात नाही. बी रुजत नाही, रुजले तर रोप खुरटे राहते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तेल खाणारे जिवाणू आणि बुरशी जवळजवळ प्रत्येक जमिनीत थोड्याफार प्रमाणात असतातच. तेल आले की त्यांची संख्या वाढते. पण तेलात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाहीच. जिवाणूंना वाढायला नत्र लागते, ते मातीतले नत्र ओढून घेतात आणि पिकाला काही उरत नाही. शेतात न कुजलेले कच्चे खत किंवा पेंढा घातला की पीक पिवळे पडते, तसाच हा प्रकार आहे. नत्र संपले की जिवाणूंचेही काम मंदावते आणि तेल तसेच पडून राहते.

तिसरे म्हणजे खनिज तेल हा एकच पदार्थ नाही. त्यात शेकडो घटक मिसळलेले असतात. पेट्रोलसारखे हलके घटक काही दिवसांत उडून जातात, पण त्यांतलेच बेंझिनसारखे विषारी घटक पाण्यात उतरून विहिरीपर्यंत पोहोचू शकतात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. डिझेलसारखे मधले घटक सूक्ष्मजीव बऱ्यापैकी खाऊ शकतात. डांबरासारखे जड घटक मात्र वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून "तेल सांडले" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणते तेल, किती, किती खोल आणि किती जुने, हे मोजावे लागते.

मुळांशी काय घडते

गवताची मुळे जमिनीत सतत काहीतरी पाझरत असतात: साखर, सेंद्रिय आम्ले आणि इतर पदार्थ. या अन्नावर मुळांभोवतीच्या पातळ थरात जिवाणूंची दाट वस्ती होते. मुळांपासून थोड्या अंतरावरच्या मातीत जितके जिवाणू असतात, त्याच्या कितीतरी पट या थरात असतात. त्यांतले काही तेल फोडणारे असतात. ते तेलाचे लांब रेणू तोडतात, आणि शेवटी बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड वायू आणि पाणी होऊन जातो.

मुळे आणखी एक काम करतात. ती तेलाने बसलेली जमीन आतून फोडतात. जुने मूळ मेले की त्याच्या जागी बारीक पोकळी राहते आणि तिच्यातून हवा आत जाते. तेल खाणाऱ्या बहुतेक जिवाणूंना ही हवा लागते. म्हणूनच या कामासाठी एकच सोटमूळ असलेल्या झाडापेक्षा गवत बरे. गवताच्या तंतुमुळांचे जाळे मातीच्या कितीतरी जास्त कणांना स्पर्श करते.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. शिसे, आर्सेनिक, निकेल यांसारखे धातू कुठलाही जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. काही झाडे धातू ओढून पानांत साठवतात, पण मग ती झाडे कापून सुरक्षित जागी न्यावी लागतात, नाहीतर पानगळीबरोबर धातू पुन्हा मातीत येतो. तेलाचे रेणू मात्र तुटू शकतात. तेलाच्या बाबतीत झाडांवर आशा ठेवायला जागा आहे ती यामुळे. पण तेलविहिरीच्या परिसरात तेलाबरोबर क्षार आणि धातूही आलेले असतात. गवताने तेल कमी झाले तरी ते तिथेच राहतात.

कोणते गवत, आणि किती फरक पडतो

आपल्याकडे शेतकरी ज्याला वैतागतो तो मोथा किंवा लव्हाळा आठवा. त्याच कुळातील एका वनस्पतीवर आसाममधील संशोधकांनी काम केले आहे आणि ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कच्चे तेल मिसळलेल्या मातीत ही वनस्पती तग धरते, आणि तिच्याबरोबर खत दिले तर रिकाम्या मातीपेक्षा तेल अधिक कमी होते, असे त्यांना आढळले. परदेशातून महागडे बियाणे आणावे लागत नाही, बांधावरचे तण कामाला येते, ही यातली मोठी गोष्ट.

व्हेनेझुएला हा तेलासाठी प्रसिद्ध देश. तिथल्या जड कच्च्या तेलावर झालेले प्रयोग आपल्याला अधिक सावध करतात. दर किलो मातीत ५० ग्रॅम तेल मिसळून संशोधकांनी त्यात उष्ण प्रदेशातील गवते आणि शेंगवर्गीय रोपे लावली. शेंगवर्गीय रोपे हवेतील नत्र जमिनीत आणतात, म्हणून ती सर्वांत उपयोगी ठरावीत असे आपल्याला वाटेल. पण ती काही आठवड्यांतच मेली. गवते खुरटली, पण जगली. त्यांतल्या ब्रॅकियारिया नावाच्या चाऱ्याच्या गवताखाली तेल अधिक कमी झालेले दिसले. जिथे मुळांचा पसारा जास्त, तिथे तेलाची घट जास्त, असा संबंधही आढळला.

मग त्याच देशातील तेलकट मातीत वाळा लावून पाहण्यात आला. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच वाळा. त्याची मुळे कित्येक फूट खोल जातात आणि जमिनीची धूप रोखण्यासाठी तो जगभर लावला जातो. २००६ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाळा त्या मातीत जगला, पण त्याच्यामुळे तेल अधिक वेगाने फुटले असे दिसले नाही.

माझ्या मते या साऱ्यातली ही सर्वांत उपयोगी माहिती आहे. रोप जगले म्हणजे जमीन साफ झाली असे नाही. तेलकट मातीवर हिरवे गवत डोलत असेल आणि खाली तेल होते तितकेच असेल, असे होऊ शकते. हिरवळीचा फोटो पुरावा ठरत नाही. मातीची तपासणी हाच पुरावा.

ओगोनी लोकांची जमीन

हे का महत्त्वाचे आहे, ते नायजेरियातील ओगोनी प्रदेशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. नायजर नदीच्या मुखाजवळचा हा सुमारे १००० चौरस किलोमीटरचा भाग. लोकसंख्या ८ लाखांहून अधिक. लोक शेती आणि मासेमारीवर जगतात. आपण ज्या कंदापासून साबुदाणा करतो, तो कसावा तिथे रोजचे अन्न आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे तेल सापडले. पुढे गळती आणि आगी नित्याच्या झाल्या. लेखक केन सारो-विवा यांनी लोकांना संघटित करून आवाज उठवला. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी सरकारने त्यांना आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिले. तेल काढणे १९९३ मध्येच थांबले होते, पण पाइपलाइन तिथून जातच राहिल्या आणि बिघडलेली जमीनही तशीच राहिली.

ऑगस्ट २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिथला अहवाल प्रसिद्ध केला. १४ महिने पाहणी झाली, २०० हून अधिक ठिकाणे तपासली गेली, माती-पाण्याचे ४००० हून अधिक नमुने घेतले गेले. काही ठिकाणी तेल ५ मीटर खोलवर पोहोचलेले होते. निसिसिओकेन ओगाले या गावात विहिरींच्या पाण्यात बेंझिनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघाले. तिथे भूजलावर ८ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता.

आता या आकड्यांसमोर गवत ठेवून पाहा. गवताची बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात. ५ मीटर खोलीवरच्या तेलापर्यंत ती पोहोचत नाहीत, आणि विहिरीवर तरंगणाऱ्या थराशी त्यांचा संबंधच येत नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. तेल कंपनीच्या दप्तरी "सफाई पूर्ण" म्हणून लिहिलेल्या ज्या १५ जागा तपासल्या गेल्या, त्यांपैकी १० जागी प्रदूषण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्तच होते. तिथे वापरलेली पद्धत अशी: माती जागच्या जागी उलटीपालटी करायची, खत घालायचे आणि पुढचे काम निसर्गावर सोडायचे. यात झाडांवर भर नव्हता, पण तत्त्व तेच, म्हणजे मातीतल्या सूक्ष्मजीवांना मदत करणे. तत्त्व चूक नव्हते. वरचा थर हाताळला गेला आणि तेल मात्र त्याच्या खाली होते. ही पद्धत तिथे अपुरी ठरल्याचे अहवालाने स्पष्ट लिहिले. संपूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षे लागू शकतील असाही अंदाज दिला. सफाईच्या कार्यक्रमाची औपचारिक सुरुवात जून २०१६ मध्ये झाली, म्हणजे अहवालानंतर जवळजवळ पाच वर्षांनी.

"सफाई पूर्ण" हा शेरा खरा मानून या काळात कुणीतरी त्या जमिनीत कसावा लावला असणार आणि मुलांना खाऊ घातला असणार. कागदावरच्या एका शब्दाची किंमत ही असते.

योग्य क्रम कोणता

ओगोनी प्रदेशातच बोडो नावाची खाडीकाठची वस्ती आहे. २००८ मध्ये तिथे पाइपलाइनमधून दोनदा मोठी गळती झाली आणि तिवरांची जंगले मेली. कोकणात राहणाऱ्यांना तिवरे माहीत आहेत. त्यांची मुळे चिखलाबाहेर हवा घेतात, आणि तेलाचा थर बसला की झाड गुदमरते. लंडनच्या न्यायालयात दावा लढवल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने साडेपाच कोटी पौंडांची भरपाई मान्य केली. तिथल्या सफाईत आधी चिखलातले तेल मोकळे करून काढायचे आणि त्यानंतर तिवरांची रोपे लावायची, असा क्रम ठेवला गेला. आधी रोपे लावली असती तर तीही मेली असती.

जमिनीवरही क्रम असाच असतो. प्रथम गळती थांबवणे. मग साचलेले तेल उपसून काढणे. नंतर माती तपासून अतिशय तेलकट माती उचलणे आणि ती वेगळ्या, खालून पाझर न होणाऱ्या जागी पातळ पसरून, नांगरून, शेणखत किंवा नत्रखत देऊन, ओलावा राखून मुरवणे. विहिरींचे पाणी तपासून लोकांना दुसरे पाणी देणे हे याच्या बरोबरीने, खरे तर आधीच, व्हायला हवे. तेलाचे प्रमाण रोप जगेल इतके खाली आले, की मग गवताची पाळी. उरलेले तेल कमी करणे, माती धरून ठेवणे, पावसात तेल ओढ्यात वाहू न देणे आणि मेलेल्या जमिनीत पुन्हा जीव आणणे, ही कामे गवत उत्तम करते आणि थोड्या खर्चात करते. त्याला वेळ लागतो. हिशोब दिवसांचा नाही, हंगामांचा आणि वर्षांचा असतो.

या काळात त्या जमिनीवर खायचे पीक घेऊ नये आणि गुरे चारू नयेत. गवत हिरवे दिसले की गुरे सोडण्याचा मोह होतो, म्हणून कुंपण लागते. आणि जी जमीन दोन-तीन वर्षे कसता येणार नाही, तिच्या मालकाने तोवर काय खायचे, याची तरतूद सफाईच्या खर्चातच धरायला हवी. गरीब कुटुंबाला "जमिनीला विश्रांती द्या" असे नुसते सांगणे सोपे असते.

आपल्या देशातही हा प्रश्न आहे. २७ मे २०२० रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथे विहिरीवरचा ताबा सुटून वायू आणि तेल उसळू लागले. ९ जूनला तिला आग लागली, दोन अग्निशामक कर्मचारी मृत्यू पावले, आणि आग पूर्ण विझायला १५ नोव्हेंबर उजाडला. हजारो लोक छावण्यांत राहिले. शेते, चहामळे आणि जवळचे मागुरी-मोटापुंग हे मोठे तळे, सगळ्यांवर तेलाचा परिणाम झाला. मोथ्यावरच्या संशोधनाचे मोल अशा ठिकाणी कळते.

आपल्या पाड्यांवर

महाराष्ट्रातल्या पाड्यांवर तेलविहिरी नाहीत, पण डिझेल इंजिने आणि जळके ऑइल आहे. विहिरीच्या काठावर इंजिन बसवतात आणि त्याखालची माती काळी झालेली असते. मोटारसायकल दुरुस्तीच्या टपरीमागे जुने ऑइल ओततात. वाळवी लागू नये म्हणून ते घराच्या खांबांना फासतात. जळक्या ऑइलमध्ये झिजलेल्या इंजिनातील धातूही असतात, म्हणून त्या मातीला गवताचा उपाय पुरत नाही. इथे साधी काळजी जास्त उपयोगी:

१. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवावा आणि शक्यतो इंजिन विहिरीच्या कठड्यापासून दूर बसवावे.
२. डिझेल सांडले तर पाणी ओतून पसरवू नये. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून शोषून घ्यावे आणि ती माती विहीर, ओढा, परसबाग यांपासून दूर ठेवावी.
३. जळके ऑइल डब्यात साठवून ते परत घेणाऱ्या गॅरेजला द्यावे. ते चुलीत जाळू नये.
४. काळ्या पडलेल्या जागेत भाजीपाला लावू नये.

विचारायचे पाच प्रश्न

एखाद्या संस्थेने किंवा कंपनीने "झाडे लावून तेलकट जमीन सुधारली" असे सांगितले, किंवा अशा कामासाठी आपल्याकडे देणगी मागितली, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारावे:

१. गळती पूर्ण थांबली आहे का?
२. तेल किती खोल गेले आहे, आणि मुळे तिथवर पोहोचतात का?
३. आधी आणि नंतर मातीची तपासणी कुणी केली? आकडे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगितले का?
४. विहिरीचे पाणी तपासले का?
५. जमीन पडून राहील त्या काळात त्या कुटुंबाच्या पोटाची सोय काय?

नायजेरियाच्या सरकारी नियमात, एक किलो मातीत ५००० मिलिग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम तेल सापडले तर हस्तक्षेप करावाच लागतो, आणि सफाईचे अंतिम लक्ष्य ५० मिलिग्रॅमचे आहे. ओगोनी शेतकरी आज हे आकडे विचारू शकतो, कारण कुणीतरी ते त्याला समजावून सांगितले. आपण ज्यांच्यामध्ये काम करतो त्यांच्या हातीही अशी माहिती यावी, यासाठी हा अंक वाचून झाल्यावर पाड्यावर काम करणाऱ्या एखाद्या शिक्षकाला, आरोग्यसेविकेला किंवा ग्रामपंचायत सदस्याला जरूर द्यावा.